वाचकांचे प्रश्न : सालावरून स्वतःच्या खांडापर्यंत

दुसऱ्याची जनावरं राखतो, स्वतःची कधी होतील? गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आला. त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : वय २४. तीन वर्षं एका मेंढपाळाकडे सालानं (वर्षाच्या बोलीवर) आहे. रोख पगार आणि दर साली तीन कोकरं असं ठरलंय. आजवर कोकरं विकून पैसेच घेतले. घरची शेती अर्धा एकर, तीही कोरडवाहू. स्वतःचं खांड (कळप) उभं राहायला किती वर्षं लागतील?
— माण तालुका, जि. सातारा

उत्तर : नऊ कोकरं विकलीत, तिथेच उशीर झाला. त्यात चार-पाच माद्या असत्या तर पहिल्या साली मिळालेल्या आज व्यायला लागल्या असत्या. यंदापासून बोली बदला. ‘तीन कोकरं’ म्हणू नका, ‘तीन मादी कोकरं’ म्हणा. मालकाला नर सोडायला जड जातं, कारण बाजारात रोख पैसा नराला मिळतो. मादी तो त्यामानाने सहज देतो, आणि तुम्हाला हवी ती तीच.

निवड कोकरू जन्मल्याबरोबर करू नका. दूध तुटल्यावर, म्हणजे तीन महिन्यांचं झाल्यावर करा. आधीच नेमून घेतलेलं कोकरू मेलं की ‘तुझंच मेलं’ हे ऐकावं लागतं. ज्या मेंढीने दोन वेतांतली दोन्ही कोकरं जगवली, तिची मादी उचला. अंगाने मोठं दिसणारं कोकरू बहुधा फक्त आधी जन्मलेलं असतं, एवढं ध्यानात ठेवा. कानातला बिल्ला मारून तो तुमच्या नावावर नोंदवून घ्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे हे काम कधी ना कधी करावं लागणारच. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या मेंढीला त्याच्या खांडात झालेली पिल्लं कोणाची, हे आजच चार माणसांसमोर बोलून घ्या. सालावरची भांडणं बहुतेक इथेच होतात, आणि तीही चौथ्या वर्षी, जेव्हा तुमच्या मेंढ्या डोळ्यांत भरायला लागतात.

आता वर्षांचा हिशोब. समजा, तुमच्याकडे व्यायच्या वयाच्या १० दख्खनी मेंढ्या झाल्या. दोन वर्षांत तीन वेतं ही पुस्तकातली गोष्ट. चरून जगणाऱ्या खांडात वर्षाला मेंढीमागे १.२ कोकरं धरा, त्यातली १५ टक्के मरतील असं धरा. दख्खनीला जुळं क्वचितच होतं. मोठ्यांतल्या एक-दोन दर वर्षी मरतात किंवा काढाव्या लागतात, आणि मादी कोकरू व्यायला दीड वर्ष पुरं घेतं. या हिशोबाने एकही मादी न विकता पहिल्या वर्षाअखेर व्यायच्या मेंढ्या ९, दुसऱ्या वर्षी १३, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी १९ आणि पाचव्या वर्षी २४ होतात. शिवाय पाठीमागची ९ मादी कोकरं. या पाच वर्षांत विकायला मिळतात ३५ नर. घर त्यांच्यावर आणि तुमच्या पगारावर चालवायचं. मोबाइलवरच्या चित्रफितींत दहाचे शंभर होतात ते तीन वर्षांत. त्यात मरतूक धरलेली नसते.

दर साली तीन माद्या मिळाल्या तर १० चा आकडा चौथ्या वर्षी येईल आणि २५ चा सात-आठ वर्षांत. सालावरून उतरायची घाई मात्र नको. आमच्या मते ४० व्यायच्या मेंढ्या हाताशी असल्याशिवाय पगार सोडू नये. तेव्हाही एकट्याने वाट धरू नका, एखाद्या वाड्यात, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ घरांत, सामील व्हा. रात्रीची राखण, वाघर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावणं, घोड्यावरचं बिऱ्हाड हे सगळं एका घराला पेलत नाही. खतासाठी शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवल्याचं धान्य किंवा रोख वाड्यात खांडाच्या प्रमाणात वाटून मिळतं. लोकर उत्पन्नात धरू नका, बऱ्याचदा कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही.

नराबद्दल एक गोष्ट. २५-३० मेंढ्यांना एक एडका पुरतो, आणि लहान खांडात तोच एडका वर्षानुवर्षं राहतो. दीड वर्षाने त्याच्याच लेकी माजावर येतात. मग अशक्त कोकरं, वाकडे जबडे, वजन न धरणं सुरू होतं आणि दोष चाऱ्यावर ढकलला जातो. दर दीड-दोन वर्षांनी शेजारच्या खांडाशी एडक्याची अदलाबदल करा. पैसा लागत नाही. विक्रीचे नर बकरी ईदच्या हिशोबाने राखायचे असतील, तर ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते हे धरूनच एडका सोडा. गाभणकाळ पाच महिन्यांचा, आणि ईदला गिऱ्हाईक दोनदाती (दोन पक्के दात आलेला) नर पाहतं.

प्रश्न : चुलत दिरांच्या चार उस्मानाबादी शेळ्या मी दोन वर्षं अर्धलीने सांभाळते. तोंडी बोलणं झालं होतं. एक शेळी आणि तीन करडं मेली. दीर म्हणतात, मेलेली तुमच्या वाट्यातून वजा. औषधाचा खर्चही माझाच झाला. हिशोब कसा करायचा?
— तुळजापूर तालुका, जि. धाराशिव

उत्तर : ताई, अर्धलीत मूळ जनावर मालकाचं आणि वाढावा दोघांचा. म्हणून हयगय नसताना मूळ शेळी मेली तर ते नुकसान मालकाचं. करडू वाटणीआधी मेलं तर ते दोघांचं मेलं, एकाच्या वाट्यातून वजा होत नाही. सर्वसाधारण रीत अशी आहे. पण तुमचं बोलणं तोंडी झालंय, त्यामुळे मागचं उकरून काढण्यात नातं जाईल आणि हाती फारसं काही लागणार नाही. जिवंत करडांची निम्मी वाटणी करून मागचा हिशोब मिटवा आणि पुढच्या वेतापासून कागद करा. साधा कागद, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

त्या कागदात शेळ्यांचे बिल्ला क्रमांक आणि दात लिहा. ‘चार शेळ्या’ एवढंच लिहिलं तर परत देताना तरुण द्यायच्या की म्हाताऱ्या, हा वाद उरतो. मुदत तीन वर्षांची ठेवा. त्याहून कमी मुदतीत वाढाव्यातून तुमच्या पाटी (तरुण माद्या) व्यायला लागण्याआधीच मालक शेळ्या घेऊन जातो. चारा आणि राखण तुमची, लस-औषध निम्मं-निम्मं, विम्याचा हप्ता मालकाचा, कारण विमा त्याच्या भांडवलाचा आहे. शेळी मेली तर त्याच दिवशी फोटो काढायचा, पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा आणि बिल्ला कापून जपून ठेवायचा. बिल्ला नसेल तर विम्याचा दावा मिळत नाही. आणि बोकडाला शेळी दाखवल्याची तारीख एका वहीत टिपत जा. ‘शेळ्या भाकड ठेवल्या’ हा आरोप त्या वहीनेच पुसला जातो.

वाटणी करडं तीन महिन्यांची झाल्यावर करा. जोड्या एकाने लावायच्या आणि निवड दुसऱ्याने करायची, म्हणजे लावणारा आपोआप सारख्या जोड्या लावतो. करडांची संख्या विषम आली तर उरलेलं करडू पुढच्या वेतात धरायचं. नर-मादीचा सौदा तुम्हीही करू शकता. त्यांना बोकड द्या आणि वर थोडे पैसे देऊन पाट तुमच्याकडे ठेवा. उस्मानाबादी शेळीला जुळी बरीच होतात, म्हणून शेळीच्या अर्धलीत तुमच्या नावाच्या चार शेळ्या मेंढ्यांपेक्षा लवकर होतील.

न्यूझीलंडच्या दूध धंद्यात याच धर्तीची रीत आहे, फक्त तिथे उलटं असतं. जमीन मालकाची, गायी राखणाऱ्याच्या आणि दुधाचे पैसे निम्मे-निम्मे. त्या वाटेने गडी माणसं गोठ्याची मालक होतात. तिथे हे सगळं छापील करारावर चालतं. आपल्याकडे अर्धलीला कमीपणा नाही. अडचण येते ती कागद नसल्याने.

प्रश्न : फलटणजवळ ३० गायींच्या गोठ्यावर चार वर्षं कामाला आहे. धारा, कृत्रिम रेतनाच्या वेळचा माज ओळखणं, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) हे सगळं येतं. १,२०,००० रुपये साठलेत. एकच चांगली दुभती गाय घ्यावी की कालवडी घेऊन वाढवाव्यात?
— फलटण तालुका, जि. सातारा

उत्तर : दोन्ही, पण सगळे पैसे जनावरात घालू नका. एका गायीत सगळी रक्कम घातली आणि तिला पहिल्याच महिन्यात दगडी (कासेचा दाह) झाली, तर तुम्ही परत गोठ्यावर कामाला. निव्वळ कालवडी घेतल्या तर पहिला थेंब दिसेपर्यंत दोन वर्षं नुसतं घालत राहावं लागतं. साठ टक्क्यांच्या आत बसणारी, दुसऱ्या वेतातली, व्यायला पंधरा दिवस झालेली एक गाय घ्या. पंधरा-वीस टक्क्यांत सहा-आठ महिन्यांची एक कालवड घ्या, आणि ती शक्यतो तुमच्याच मालकाच्या गोठ्यातली. आईचं दूध, तिचं उलटणं (गाभ न धरता पुन्हा माजावर येणं), तिची कास तुम्ही चार वर्षं पाहिलेली आहे. बाजारात ही माहिती कोणी देत नाही. उरलेले पैसे दोन महिन्यांच्या पेंड-चाऱ्यासाठी वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

बाजारातून गाय घेताना कास तुंबवून आणलेली असते, हे धरून चाला. विक्रेता एक धार चुकवतो आणि कास भरगच्च दिसते. म्हणून गोठ्यावर जाऊनच घ्या. संध्याकाळी आपल्यासमोर पूर्ण धार काढून घ्या, रात्री तिथेच थांबा, सकाळची आणि पुन्हा संध्याकाळची धार मोजा. दूध निघाल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतली पाहिजे. फुगलेलीच राहिली तर ती मांसल कास आहे, त्यात दूध नाही. चारही सडांच्या पहिल्या दोन-दोन पिळा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळी किंवा पाणी दिसलं तर तिथूनच परता. एखाद्या सडाची धार बारीक असेल तर विक्रेता ‘वासरू पितंय ना त्या बाजूने’ म्हणेल, ते मानू नका. ब्रुसेलोसिससाठी रक्ततपासणी करूनच पैसे द्या. या रोगात गाय सात-आठ महिन्यांवर गाभ टाकते आणि तो माणसालाही लागतो.

खाण्याचा हिशोब असा. गायीच्या अंगाला दीड किलो आणि दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम पशुखाद्य. १४ लिटरच्या गायीला सात किलो. शिवाय २०-२५ किलो ओला चारा किंवा मुरघास आणि पाच किलो कडबा. जमीन नाही म्हणून अडत नाही. एका एकरातल्या मक्याच्या एका पिकात १५ टनांच्या आसपास हिरवा चारा निघतो, आणि २० किलोप्रमाणे गायीला वर्षाला सव्वासात टन लागतो. म्हणजे दोन गायींना एका एकराचा मका. दाणा दुधाळ अवस्थेतून चिकात जाताना उभा प्लॉट विकत घ्या, कुट्टी करून दाबून भरा, ४५ दिवस उघडू नका. हवा राहिलेल्या बॅगेतला पांढरा-हिरवा बुरशीचा थर ‘थोडाच आहे’ म्हणून घालू नका. गाय खाणं सोडते आणि गाभणी असेल तर गाभ जातो.

कालवडीचं गणित वजनावर चालतं. संकरित होल्स्टीन कालवड २५० किलोच्या पुढे गेल्यावरच भरवायची. नीट खाऊ घातली तर हे वजन पंधरा-अठरा महिन्यांत येतं आणि ती पंचवीस-अठ्ठावीस महिन्यांत विते. आपल्याकडे ती तीन-साडेतीन वर्षांवर जाते, कारण पहिले तीन महिने वासराला दूध मोजून-मापून नाही, उरलंसुरलं मिळतं. घरच्या गायीला वासरू झालं तर पहिल्या दोन तासांत चीक पाजा. दिवसभरात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. दहाव्या दिवशी जंताचं पहिलं औषध, आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासराला ब्रुसेलाची लस. ही आयुष्यात एकदाच द्यायची असते.

गोऱ्ह्यांचा (नर वासरांचा) प्रश्न धंद्यात शिरण्याआधीच समजून घ्या. २०१५ पासून राज्यात गायीबरोबर वळू, बैल यांचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे संकरित गोऱ्ह्याला आणि भाकड गायीला बाजार जवळजवळ उरलेला नाही. म्हैस या बंदीत नाही. लिंगवर्गीकृत वीर्य वापरलं तर साधारण ९० टक्के कालवडी होतात. ते महाग पडतं, पण दोन-तीन गायींच्या माणसाला एक नको असलेला गोऱ्हा वर्षभर पोसणं त्याहून महाग. गर्भधारणेचं प्रमाण मात्र साध्या वीर्यापेक्षा कमी असतं, म्हणून ते कालवडींवर वापरा, वारंवार उलटणाऱ्या गायीवर नाही.

दुसरी गाय घ्याल तेव्हा पहिलीपासून सहा महिन्यांच्या अंतराने विणारी घ्या. गाय दोन महिने आटवावीच लागते, तेवढे दिवस डेअरीचा दहा दिवसांचा हप्ता बंद होता कामा नये. गोठ्यावरची नोकरी दोन दुभत्या आणि दोन कालवडी होईपर्यंत सोडू नका. मालकाला सांगूनच करा, लपवून नको. त्याच्या गोठ्यातून रोज घरच्या गोठ्यात जाणारे तुमचे गमबूट लाळ्या खुरकूत घेऊन जातात. घरी वेगळी जोडी ठेवा.

प्रश्न : माडग्याळी घ्यावी की दख्खनी? की नारी सुवर्णा?
— जत तालुका, जि. सांगली

उत्तर : बंदिस्त किंवा गावाभोवती चराई असेल आणि खायला घालायची ऐपत असेल तर माडग्याळी. उंच, पोपटासारखं वाकडं नाक, अंगाने लवकर भरते. उपाशी ठेवली तर तिची माडग्याळी राहत नाही. कोकणापर्यंत पायी जायचं असेल तर दख्खनीला पर्याय नाही. नारी सुवर्णा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढली. सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणला. जुळी होतात, पण दुसऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजायला घरात माणूस हवा. माडग्याळी एडक्याचे लाखांचे आकडे ऐकून धंदा आखू नका. तो हौसेचा बाजार आहे, मटणाच्या वजनाचा नाही.

प्रश्न : राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० शेळ्या अधिक ५ बोकडांचं प्रकरण करतोय. १० लाख अनुदान आहे. अनुभव नाही, भाडेपट्ट्याने दीड एकर घेतलंय. योग्य आहे का?
— मंगळवेढा तालुका, जि. सोलापूर

उत्तर : नाही. प्रकल्प २० लाखांचा धरला तर अनुदान निम्मं, पण ते दोन हप्त्यांत येतं आणि तुमचे किंवा बँकेचे पैसे आधी लागतात. त्या काळात कर्जाचा हप्ता थांबत नाही. शंभर शेळ्या चार बाजारांतून एकदम गोळा केल्या की पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथरोग) त्यांच्यासोबतच येतो आणि नवख्याला तो तोंडातले फोड दिसेपर्यंत कळत नाही. आधी दहा शेळ्या दोन पावसाळे सांभाळा. मेलेल्या किती, विकलेल्या किती, ही वही घेऊन मग बँकेत जा. व्यवस्थापकही त्या वहीकडे पाहतो. पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डवर दोन लाखांपर्यंत, वेळेवर फेडल्यास चार टक्के व्याज पडतं, पण ते पैसे चारा-औषध-मजुरीसाठी असतात. जनावर घ्यायला मुदत कर्ज वेगळं. भटक्या जमाती-क मध्ये बसत असाल तर राज्याच्या महामेष या मेंढीपालन योजनेतलं २० मेंढ्या अधिक एक नर हे ७५ टक्के अनुदानाचं प्रकरण तुमच्या मापाचं आहे. आणि भाड्याच्या जागेवर पक्की शेड बांधू नका. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट छप्पर आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार पुरतं. पत्रा आणि लोखंडी पाइप सोडवून नेता आले पाहिजेत.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत सहा कोकरं मेली. सगळी धष्टपुष्ट. संध्याकाळी बरी होती, सकाळी मेलेली. विषबाधा असेल का?
— खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : लक्षणं आंत्रविषाराची वाटतात. अशक्त कोकरं वाचतात आणि चांगली पिणारी-खाणारी जातात, हीच त्याची ओळख. पावसाने कोवळं गवत फुटतं, कोकरू आधाशासारखं खातं, आतड्यात एरवीच असलेले जंतू वाढून विष सोडतात. मान मागे ताणलेली आणि पाय झाडलेल्या खुणा जमिनीवर असतील तर शंका आणखी पक्की होते. उपचाराला वेळच मिळत नाही, म्हणून लस हाच उपाय. एप्रिल-मेमध्ये पहिला डोस, चौदा-पंधरा दिवसांनी दुसरा. बहुतेक जण दुसरा डोस चुकवतात आणि लसीला नावं ठेवतात. गाभण मेंढीला विण्याआधी महिनाभर टोचली तर चिकातून कोकराला पहिल्या आठवड्यांचं संरक्षण मिळतं. लसीची बाटली बर्फाच्या डब्यात आणा, खिशातून नाही. मे अखेरीला घटसर्पाची लस. पीपीआरची तीन वर्षांतून एकदा. लस टोचण्याआधी आठवडाभर जंताचं औषध झालेलं असावं. नवीन आणलेलं जनावर २१ दिवस वेगळं बांधा.

पहिले काही दिवस सकाळी रिकाम्या पोटी ओल्या हिरव्यात सोडू नका. आधी थोडा कडबा किंवा भुसा, मग रान.

विषबाधेची शंका एकाच परिस्थितीत धरा. कापलेल्या ज्वारीच्या खोडांना पावसाने फुटवे आलेल्या रानातून खांड गेलं असेल तर. तिथे लहान-मोठं कोणीही अर्ध्या तासात धापा टाकत पडतं, आणि रक्त लालभडक दिसतं. अशा वेळी रानातून खांड लगेच काढा आणि पशुवैद्यकाला सोडियम थायोसल्फेट घेऊनच यायला सांगा. पुढचं कोकरू मेलं तर वाघरीबाहेर फेकून मुक्काम हलवू नका. सहा तासांच्या आत दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. उशीर झाला तर आतडी सडतात आणि कारण कळत नाही.